जोतिबाच्या वाटेवर बाईसाहेब रुसल्या

"आरं, ढकला की ती डबडी बाजूला! न्हायतर द्या दरीत सोडून! पार केर्लीपातूर गाड्या तटल्यात मागं!"

हे ओरडत होता एस.टी.चा ड्रायव्हर, खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत. ज्या डबडीबद्दल तो बोलत होता ती माझी मोटार. मी त्या वेळी तिच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत बुडालेलो होतो आणि दातांत पाना धरला होता, त्यामुळे उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं. पण मागच्या सीटवर माझे वडील बसले होते. आबांची नजर गेली होती, आवाज नव्हता गेला.

"कुणाला डबडी म्हणतोस रं? ये खाली! सरदारांच्या दारातली मोटार हाय ही. तुझ्या यष्टीच्या आज्जीच्या वयाची हाय, जरा मान राखून बोल!"

जोतिबाच्या डोंगराची चढण, चैत्री यात्रेचा दिवस, डोक्यावर कवटी तडकवणारं ऊन, झाडापानांवर गुलाल, बैलांच्या शिंगांवर गुलाल, आणि या सगळ्या गुलाबी गर्दीच्या मधोमध आडवी झालेली आम्ही तिघं : मी, आबा आणि बाईसाहेब. मोठा दुष्काळ पडला होता ना, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी जरा वाढवून सांगतो असा माझा लौकिक आहे आणि तो मी कष्टानं मिळवलेला आहे. पण देवाच्या बाबतीत मी वाढवत नाही. तिथं मूळचंच इतकं मोठं असतं की सांगताना कमीच पडतं.

कोल्हापुरात, उद्यमनगरच्या कारखान्यांच्या गर्दीत, तेव्हा माझं ऑइल इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. आजऱ्यापासून नेसरीपर्यंत ज्या ज्या विहिरीवर इंजिन धडधडत होतं, ते एकदा तरी माझ्या हाताखालून गेलेलं होतं. इंजिन नुसतं खोकलं तरी त्याला सर्दी कुठं झाली ते मी सांगायचो. एकदा एका शेतकऱ्यानं बैलगाडीत घालून इंजिन आणलं, तर गाडी कोपऱ्यावर असतानाच मी आतून ओरडलो, "नोझल गेलंय!" आणि खरंच नोझल गेलेलं होतं. लोक विचारतात, बैलगाडीतलं इंजिन बंद असणार, मग आवाज कशाचा ऐकला? असल्या लोकांशी मी वाद घालत नाही.

बाईसाहेब ही माझी विलायती मोटार. संस्थान होतं त्या काळात एका सरदारांच्या घरी आलेली. पुढं ती एका गोठ्यात कडब्याखाली पडून होती आणि तिच्या सीटवर कोंबडी उबवणीला बसलेली होती. तिथून मी तिला आणली, हाडन् हाड सुटं करून पुन्हा जोडली, आणि पहिल्यांदा रस्त्यावर काढली त्या दिवशी रंकाळ्यावरच्या म्हशीसुद्धा पाण्यातून उठून बघायला आल्या. तिचं नाव मी ठेवलेलं नाही. ती दारात उभी राहिली की माणसं आपोआप अदबीनं बोलायची, म्हणून बाईसाहेब. तिला कुठं दुखतं हे माझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही आणि मला कळत नाही असं तिचं काही नव्हतं, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीचं काय झालं ते आता सांगतो.

आबा तरुणपणी आमच्या गावची सासनकाठी नाचवायचे. जोतिबाच्या यात्रेत गावोगावच्या या काठ्या येतात. माडाएवढा उंच बांबू, त्याला रंगीत कापडं, वर तुरा. कमरेच्या पट्ट्यात बुडखा रोवून एकटा माणूस ती पेलतो आणि चारी बाजूंनी दोर धरलेली माणसं तिला तोलून धरतात. आबा नाचवायचे तेव्हा म्हणे काठीचा तुरा ढगात बुडून ओला होऊन खाली यायचा. हे मी वाढवलेलं नाही, आबांनीच वाढवलेलं आहे. आमच्या घरात ते वारशानं चालतं.

त्यांचा डावा डोळा बऱ्याच वर्षांपूर्वी उसाचं पान लागून गेला होता. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "एकच डोळा आहे, जपून करू. पण खात्री देत नाही." यात्रा झाली की दुसऱ्याच दिवशी भरती व्हायचं ठरलं. तोवर डोळ्याला धक्का नको, रेटारेटी नको, असंही बजावलं. घरी परत येऊन दारात उतरता उतरता आबा म्हणाले, "ऱ्हायली तर ऱ्हायली नजर. पर त्याआधी एकदा काठी बघतो. उजेडाम्होरं धरलेलं अजून दिसतंय मला, सावलीगत. दिवस मावळायच्या आत न्हेशील न्हवं?"

मी म्हणालो, "न्हेतो की. देवाच्या दारात गाडी लावतो."

छाती ठोकून म्हणालो. त्यांना पुन्हा कधी काही दिसेल की नाही ते मिरजेतल्या सुरीच्या पात्यावर होतं. पण त्यांची काठी त्यांना दाखवणं माझ्यावर होतं, आणि मी म्हणजे उद्यमनगर!

यात्रेच्या सकाळी मी पेट्रोलची टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. आमच्यात मोटार देवाला न्यायची तर आधी मोटारीचीच पूजा होते. पूजा मी करणार होतो, पण आबांनी ताट माझ्या हातातून काढून घेतलं. एका हातात तेलात कालवलेला गुलाल आणि दुसरा हात मोटारीवरून फिरवत ते सबंध गाडीभोवती गेले. आंधळ्या माणसाचा हात इतका मायेनं फिरताना मी पाहिला नव्हता. बॉनेट झालं, चाकं झाली. मागच्या अंगाला पेट्रोलच्या टाकीचं गोल झाकण बाहेर आलेलं असतं, ते त्यांच्या बोटांना लागलं. तिथं ते थांबले. दोनदा चाचपलं. "हे कपाळ," म्हणाले, आणि तो मूठभर गुलालाचा गोळा त्यांनी झाकणावर थापून बोटांनी चांगला दाबून बसवला, वर झेंडूचं फूल चिकटवलं. बाईसाहेबांचं कपाळ पाठीमागं आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. पण मी म्हणालो, "बरोबर, आबा."

निघालो ते वाऱ्यासारखे. वडणगे मागं पडलं, केर्ली आली, चढण लागली. आबा आत "चांगभलं"चा गजर करत होते, बाहेरचे पायी चालणारे त्याला साथ देत होते, आणि मी एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं लोकांचे नमस्कार घेत होतो, जसा काही देव मीच. आणि एका वळणावर बाईसाहेबांनी एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि बंद.

पहिल्यांदा मी घाबरलो नाही. उतरलो, बॉनेट उघडलं. सेल्फ फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरली, निळीजर्द ठिणगी फटाककन पडली, म्हणजे करंटही ठीक. मग कार्बोरेटरची वाटी उघडली. कोरडी ठणठणीत. पेट्रोल येत नव्हतं. टाकी तर मी स्वतः भरलेली, आतला काटाही भरलेली दाखवत होता. मी भोवती जमलेल्या लोकांकडं वळून, वर्गात मास्तर सांगतो तसं, सांगितलं की उन्हानं पंप तापलाय आणि पेट्रोलची वाफ होऊन अडकलीय. माझा फेटा सोडला, एका बाईच्या कळशीतल्या पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळला, जरा वेळ थांबलो आणि सेल्फ मारला. बाईसाहेब सुरू झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या. एका म्हाताऱ्यानं तर माझ्या पाया पडायला हात पुढं केला आणि खरं सांगतो, मी पाय मागं घेतला नाही.

पुढं जेमतेम दोन वळणं गेलो आणि त्या पुन्हा बंद पडल्या, त्या भर अवघड चढावर, आणि मागं आली एस.टी. त्या ड्रायव्हरनं काय सुनावलं ते मी सुरुवातीलाच लिहिलंय. शेवटी तोच खाली उतरला, त्याच्या गाडीतल्या गड्यांनी हात लावले आणि बाईसाहेबांना ओढून दरडीच्या कडेला घेतलं. जवळून आबांचा पांढरा डोळा बघितल्यावर त्याचा सूर बदलला. म्हणाला, "म्हातारबा, चला माझ्यासंगं." पण त्याच्या गाडीत मुंगीनं शिरायचं म्हटलं तरी तिला पाय पोटाशी धरावे लागले असते, टपावर माणसं होती, शिडीला माणसं होती. आणि डॉक्टर म्हणाले होते धक्का नको. मी हात जोडून त्याला लावून दिलं. वर म्हणालो, "तुझ्या आधी पोचतो बघ."

मग सुरू झाली माझी परीक्षा. फेटा पुन्हा भिजवला, पुन्हा गुंडाळला. सेल्फ मारला. काही नाही. पंपाची हातानं मारायची कांडी असते ती मारली, मारून मारून अंगठा सुजला, कार्बोरेटरात थेंब येईना. पॉइंट घासले, प्लग सगळे काढून पुसले, ज्यांचा काही संबंध नव्हता तेही नट आवळले. पंप उघडावा म्हटलं, तर भर रस्त्यात पेट्रोल सांडणार, आणि भोवती कापूर, उदबत्त्या, बिड्या. अख्खा डोंगर पेटवून द्यायचं पाप कोण घेणार? येणारा जाणारा सल्ला देत होता. एक म्हणाला नारळ फोडा. एक म्हणाला मोटारीवरून लिंबू ओवाळा. एक शहाणा म्हणाला, "पेट्रोल घातलंय न्हवं?" त्याच्याकडं मी असं बघितलं की तो चालता चालता पळायला लागला.

ऊन कलायला लागलं होतं. वरून हलगी आणि पिपाणीचा आवाज खाली उतरत होता. आबा खिडकीतून तोंड बाहेर काढून आवाजाच्या दिशेला बघत होते, म्हणजे कान करत होते. "काठ्या निघाल्या," म्हणाले. जरा वेळानं, "आपली मधे असती. अजून यायची असंल." मला ओरडले असते, शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. त्यांनी आपला उजवा हात डोळ्यासमोर धरला आणि बोटं हलवून बघितली. उजेड किती उरलाय ते मापत होते.

ते मला बघवलं नाही. पाना मी डिकीत फेकला. दरडीच्या कडेला मातीत बसलो, तेलकट हात तसेच जोडले. मला स्तोत्रं येत नाहीत. मी म्हणालो, "देवा, माझ्याकडचं संपलं. मला येतंय तेवढं सगळं करून झालं. ही मोटार तुझी, हा म्हातारा तुझा. न्यायचं तर तू ने." एवढंच. आणि सांगायची गोष्ट अशी की हे म्हटल्यावर मला हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा एक इंजिन माझ्या अंगावरून उतरलं होतं.

तेवढ्यात समोर कुणीतरी उभं राहिलं. मी वर बघितलं. धोतर, बंडी, डोक्याला मुंडासं, आणि नखशिखांत गुलाल; तोंडावरचं नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो ते कळेना. बोलण्याला सीमेकडचा कानडी हेल होता.

"पावणं, थेंबभर पेट्रोल द्या की. लायटर पार कोरडा पडलाय. सकाळधरनं बिडी तोंडात हाय, पर पेटंना."

आता बघा. मी देवाला बोलावलं होतं आणि आला हा बिडीवाला. माझं टाळकं तापलं.

"हितं माझी मोटार पेटंना, आन् तुला बिडीची पडलीया व्हय?"

"ती बी पेटंल की," तो अगदी सावकाश म्हणाला. "आधी माझी पेटू द्या."

हाकलूनच द्यायचा होता. पण कोल्हापूरच्या माणसाचं एक आहे, दारात आलेल्याला तो शिव्या देईल, नाही म्हणणार नाही. आणि ते दार मोटारीचं असलं तरी दारच. मी उठलो. मागं गेलो. टाकीच्या झाकणावर आबांनी थापलेला गुलाल उन्हानं वाळून दगड झाला होता, वर झेंडू तसाच. ती पूजा मोडायचं माझ्या जिवावर आलं. खरं तर दिवसभर त्या झाकणाकडं माझा हात गेला नाही तो त्याचमुळं. आज विचारलंत तर म्हणेन, त्याहून जास्त माझ्या ताठ्यामुळं. भरलेली टाकी उघडून काय बघायची? मनातल्या मनात आबांची क्षमा मागितली आणि झाकण पिळलं.

निघेना. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा सुटलं, आणि सुटताना आवाज झाला. सोड्याची बाटली उघडताना होतो तो बाहेर जाणारा फस् नव्हे. हा आत जाणारा होता. लांब, खोल. बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा श्वास बाईसाहेबांनी घेतला.

मी तसाच उभा राहिलो, झाकण हातात घेऊन. त्या एका आवाजात मला सगळं समजलं, आणि या एका बाबतीत मी स्वतःची पाठ थोपटून घेतो, कारण तो आवाज यात्रेला आलेल्या लाख माणसांनी ऐकला असता तरी समजला मलाच असता. टाकीच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्या भोकातून वरची हवा आत येते. ते भोक बुजलं की टाकी पेट्रोल सोडत नाही. पंप बिचारा ओढतो, ओढतो आणि थकतो. मघाशी गाडी सुरू झाली ती माझ्या भिजक्या फेट्यानं नव्हे, थांबल्यामुळं कुठून तरी चोरपावलानं इवलीशी हवा आत झिरपली म्हणून. आबांनी बोटांनी दाबून बसवलेला तेलातला गुलाल त्या भोकात जाऊन बसला होता. ज्यांची नजर आम्ही देवाकडं न्यायला निघालो होतो, त्यांच्याच भक्तीनं मोटारीचा गळा धरला होता. आणि टाकी गळ्यापर्यंत भरलेली, वर हवेला जागाच नव्हती, त्यामुळं गळा लवकर आवळला गेला. तो माझा हातभार.

"पावणं, कापूस," तो म्हणाला. लायटरचा कापूस त्यानं काडीला लावून पुढं केला होता. मी बुडवून दिला. त्यानं तो लायटरात कोंबला आणि तिथंच, उघड्या टाकीशेजारी, अंगठा चक्रीवर ठेवला.

"आरं बाबा, लांब हो!" मी किंचाळलो. "न्हायतर दर्शनाची रांग चुकवून दोघंबी थेट देवापाशी जाऊ!"

तो हसला. गुलाबी तोंडात पांढरे दात दिसले. चांगला दहा पावलं लांब गेला, बिडी पेटवली, एक झुरका घेतला, हात वर करून "चांगभलं" म्हणाला आणि गर्दीत मिसळला. मी दरडीवरच्या बोरीचा काटा तोडून झाकणाचं भोक मोकळं केलं, झाकण लावलं, पळत जाऊन सेल्फ मारला. बाईसाहेबांनी असा आवाज केला की वर पन्हाळगडावर ऐकू गेला असेल. आबांनी विचारलं, "काय झालतं रं?" मी म्हणालो, "काय न्हाय, कचरा आलता." हे खोटं मी आनंदानं बोललो आणि ते हयात असेपर्यंत तसंच ठेवलं. देवाला वाहिलेल्या गुलालाला कचरा म्हणालो, तेवढं देवानं पोटात घातलं असावं.

वळून त्याला शोधला. वर लाख माणसं आणि लाखच्या लाख गुलाबी. कुणाला विचारू, नाक नसलेला माणूस बघितलात का म्हणून?

वर देवळाच्या अलीकडं मोटारी अडवत होते. तिथून मी आबांना खांद्यावर घेतलं आणि धक्का लागू नये म्हणून कोपरं बाहेर काढून असा घुसलो की गर्दी दुभंगली. दिवस पश्चिमेला टेकायला आला होता, पण उजेड होता, समोरून येणारा, सोनेरी. आणि त्या उजेडात काठ्या. मी धापा टाकत विचारत होतो, "आबा, दिसतंय का? दिसतंय का?" ते नुसते मान पुढं काढून बघत होते. मला वाटलं, संपलं, उशीर झाला. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून अशी आरोळी गेली की माझे दोन्ही कान बसले.

"आरं ए! डावा दोर ढिला हाय की! वाऱ्याला झोपंल ती काठी! वढ, वढ!"

समोर आमच्याच गावची काठी होती. डाव्या दोराची माणसं चपापली, दोर ताणला, कलायला लागलेला तुरा सरळ झाला. आवाज कुणाचा ते त्यांना लगेच कळलं. काठी पेलणारा गडी नाचत नाचत आमच्याकडं आला आणि बुडख्याजवळचा बांबू आबांच्या हाताला लावून धरला. आबा खांद्यावरून वाकले आणि त्यांनी बांबूला कपाळ टेकवलं. माझ्या टाळूवर टपटप काहीतरी पडलं. पाऊस नव्हता. अख्ख्या यात्रेत, डोळे असलेल्या सगळ्या माणसांत, ढिला दोर एकट्या माझ्या बापाला दिसला होता. मी त्या वेळी जेवढा ताठ उभा होतो तेवढा माझ्या लग्नातही नव्हतो.

पुष्कळांना मी हा अनुभव सांगितला. कुणी म्हणतात तो साक्षात जोतिबा. कुणी म्हणतात योगायोग. मी वाद घालत नाही. तो देव होता की बिडीसाठी व्याकुळ झालेला एखादा गडी होता ते मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की मी मागितलं त्या क्षणी कुणीतरी येऊन माझा हात बरोबर त्या झाकणावर नेऊन ठेवला, जिथं तो दिवसभरात गेला नव्हता. तेव्हापासून दर यात्रेला मी खिशात एक भरलेला लायटर ठेवतो. स्वतः बिडी ओढत नाही. कुणी मागितलं तर असावा म्हणून.

आणि एक कळलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असली म्हणून गाडी चालत नाही. बाहेरचं काही आत यायला एवढीशी का होईना वाट लागते. माझं कसब भरलेलं होतं, माझा फुगा भरलेला होता, पण ती वाट बुजली होती. "माझ्याकडचं संपलं" म्हटलं तिथं ती उघडली. कसब काही वाया गेलं नाही हो, उलट त्या आवाजाचा अर्थ त्यानंच सांगितला. पण आवाज ऐकवणारा मी नव्हतो. त्यानंतर अवघड इंजिन समोर आलं की मी सगळं तपासतो, आणि मग जरा हात जोडून गप्प बसतो. वर्कशॉपमधले हसतात. हसू देत.

दुसऱ्या दिवशी आबा मिरजेला भरती झाले. ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचं नाही. ते दिवस मी त्यांच्या उशाशी बसून काढले. घरी गेलो नाही, अंघोळ नळाखाली, झोप बाकड्यावर. तिथंही शेजारच्या खाटांना बाईसाहेबांची गोष्ट सांगून झाली, तीही रोज थोडी थोडी मोठी करून. पट्टी सोडायच्या वेळी सगळे खाटेभोवती जमले. डॉक्टरांनी सावकाश पट्टी उतरवली, डोळा पुसला, आणि जाड भिंगाचा चष्मा आबांच्या नाकावर चढवला. मी वाकून तोंड त्यांच्या तोंडाजवळ नेलं. माझा ऊर धडधडत होता, बाईसाहेब चढावर धडधडायच्या त्याच्या दुप्पट.

"आबा," मी विचारलं, "काय दिसतंय?"

"तू," आबा म्हणाले. "दाढी कर."